सात गलींची फेरी

गोल्फ या खेळाविषयी आमचे मत फार जुने आणि फार पक्के होते. ते इतके पक्के राहिले याचे कारण एवढेच की, अनुभवाचा त्याला फारसा स्पर्श झालेला नव्हता. विद्यार्थिदशेत आम्ही जी इंग्रजी पुस्तके वाचली, त्यांतील निम्म्या सद्गृहस्थांना दुपारच्या जेवणानंतर गोल्फ खेळण्यावाचून दुसरा उद्योग नसे. ज्या समाजात धडधाकट माणसे काठीने चेंडू दूर ढकलतात आणि मग त्याच्या मागोमाग तीन मैल चालत जातात, त्या समाजाचे राज्य आपल्यावर इतकी वर्षे कसे टिकले, याचे आम्हांला त्या वयात मोठे कोडे पडे. पुढे प्राध्यापकी पत्करल्यावर एका स्नेह्याने आम्हांस एकदा छावणीतील मैदानावर नेले. तेथे आम्ही अंगात होते नव्हते ते बळ एकवटून काठी फिरविली. चेंडू जागच्या जागी राहिला. हिरवळीचा ताटाएवढा तुकडा मात्र हवेत उडून स्नेह्याच्या पायाशी पडला. त्या दिवसापासून आम्ही या खेळाकडे तत्त्वज्ञाच्या दृष्टीने पाहू लागलो. म्हणजे तो आपल्याला येत नाही, ही गोष्ट आम्ही त्याच्या दोषांत जमा केली.

आमचा मुख्य आक्षेप जमिनीसंबंधी होता. ज्या मैदानावर दोन गावांचे पोट भरेल त्यावर पाच-पन्नास श्रीमंतांनी हवा खावी, हे आमच्या न्यायबुद्धीस पटत नसे. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ साली या खेळावर बंदी घातली होती. लोक गोल्फ आणि फुटबॉल यांच्या नादी लागून धनुर्विद्येचा सराव सोडतात, अशी राजाची तक्रार होती. हा इतिहास आम्ही वर्गात संधी मिळेल तेव्हा, आणि कधीकधी संधी नसतानाही, मोठ्या आवडीने सांगत असू. असे हे आमचे मत गेल्या पौषापर्यंत सुखरूप होते. ते मोडले तलवाड्याच्या माळावर. आणि त्याबरोबर आणखीही एक गोष्ट मोडली, तिचे नाव पुढे ओघाने येईलच.

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात तलवाडा हे गाव आहे. तेथील त्वरिता देवीचे दर्शन घ्यावे, असे आमच्या घरातून कित्येक वर्षे सुचविले जात होते. आणि देवीचे नाव त्वरिता असले तरी आमच्या हातून त्वरा होत नव्हती. शेवटी आमचा एक जुना विद्यार्थी त्याच बाजूला शाळामास्तर म्हणून गेला, त्याने पत्रामागून पत्र पाठविले, आणि आम्ही उभयता निघालो. हा मुलूख आम्हांला पुस्तकातून ठाऊक होता. याच तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. वाटेत आम्ही विद्यार्थ्यास या लढाईची हकीकत सांगू लागलो. तो अदबीने ऐकत होता. परंतु त्याचे लक्ष रस्त्यालगतच्या वस्त्यांकडे होते. बऱ्याच घरांना कुलपे होती. आम्ही कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडे गावे अशीच रिकामी होतात. माणसे ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या सुमारास परत येतात. म्हातारी आणि शाळेतली पोरे तेवढी मागे राहतात." आम्ही १७६३ सालातून परत आलो आणि काही वेळ गप्प बसलो.

देवीचे दर्शन झाले. टेकडीवरून खाली पाहिले तर कापसाची वेचून झालेली शेते, मधूनमधून हुरड्यात आलेली ज्वारी, आणि त्यांच्यामध्ये एक उघडाबोडका तांबूस माळ दिसत होता. त्या माळावर ठराविक अंतराने काळसर वर्तुळे होती. आम्ही विचारले, "ही खळी कोणाची? आणि इतकी लांब लांब का?" विद्यार्थी हसला. "सर, ती आमच्या चुलत्यांची. त्यांना सगळे आबा म्हणतात. ती मळणीची खळी नव्हेत. आपल्याला आज तेथेच जायचे आहे. तुम्ही वर्गात गोल्फविषयी पुष्कळ बोलत होता, म्हणून मुद्दाम सांगितले नाही."

आबा ओसरीवर बाभळीचे लाकूड तासत बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटक, डोक्यास मुंडासे. आम्हांस पाहताच उठून म्हणाले, "या गुरुजी, या. वहिनी, तुमी आत बसा, म्हातारी हुरडा भाजायलीय. गुरुजी, च्या घ्या अगुदर. मग इटी हाणू." चहा घेता घेता त्यांनी आपल्या मैदानाची जन्मकथा सांगितली. १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते. विहिरी आटल्या, जनावरे विकली, आणि खडी फोडण्याची कामे करून कंटाळलेले आबा पोट हाती धरून पुण्यास गेले. तेथे एका गोल्फच्या मैदानावर त्यांना गवतास पाणी घालण्याचे काम मिळाले. "गुरुजी, गावाकडं माणसाला प्यायला पानी नव्हतं, आन् म्या तिथं गवताला पाजायचो," आबा म्हणाले. हे म्हणताना त्यांच्या स्वरात कडवटपणा नव्हता. पावसापाण्याची गोष्ट सांगावी तसे ते सांगत होते. पुढे ते साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी वाहू लागले. दोन वर्षांनी गावी परतले ते थोडे पैसे, एक फुटका चेंडू आणि डोक्यात एक वेड घेऊन.

वाटणीत त्यांना जी जमीन आली, तिच्यातील दोन-अडीच एकर निव्वळ मुरूम आणि धोंडे होते. पेरले तर बीही परत मिळत नसे. आबांनी मनाशी म्हटले, पिकत नाही तर हिने निदान पोरांना खेळवावे. साहेबांच्या काठ्या कोठून आणणार? परंतु विटीदांडू तर घरचाच होता. त्यांनी माळावर सात गली खणल्या, प्रत्येक गलीभोवती दहा-बारा पावलांचे वर्तुळ शेणाने सारविले, आणि एका गलीपासून दुसऱ्या गलीपर्यंत विटी किती कमी टोल्यांत नेता येते, हा खेळ सुरू केला. त्याला पन्नासाच्या आसपास वर्षे झाली. सारवणाचे काम आजींकडे, दांडू घडविण्याचे आबांकडे, हरवलेली विटी शोधण्याचे काम धाकट्या नातवाकडे, आणि हिशेब नातीकडे. या नातीचे वय दहा-अकरा वर्षांचे असेल. तिच्या गळ्यात सुतळीने बांधलेले दोन डबे होते आणि ओटीत चिंचोके होते. प्रत्येक टोल्यास एक चिंचोका. पाहुण्याचा डबा डावीकडे, आबांचा उजवीकडे.

येथे आमच्या जमिनीसंबंधीच्या आक्षेपास पहिला धक्का बसला. स्कॉटलंडातील जुनी गोल्फची मैदाने समुद्र आणि शेते यांच्या मधल्या वाळवंटी पट्ट्यात आहेत. तेथे नांगर चालत नसे, म्हणून तेथे मेंढ्या चरत आणि माणसे खेळत. ही गोष्ट आम्ही वाचली नव्हती असे नाही. परंतु आपल्या मताच्या आड येणारी माहिती ध्यानात न ठेवण्याची कला विद्वानांस उपजतच असते. सेंट अँड्र्यूज येथे १७६४ साली बावीस गलींच्या अठरा झाल्या, म्हणजे राक्षसभुवनच्या लढाईच्या दुसऱ्याच वर्षी. १८२९ साली कलकत्त्यास आणि १८४२ साली मुंबईस इंग्रजांनी आपल्या गोल्फमंडळ्या स्थापन केल्या. त्यानंतर हा खेळ ज्या पाण्यावर, ज्या हिरवळीवर आणि ज्या ऐटीत आपल्याकडे वाढला, तीच त्याची खरी प्रकृती असे आम्ही धरून चाललो होतो. त्याचे मूळ रूप नापीक जमीन, चरणारी जनावरे, वारा आणि घरी केलेली काठी असे होते. ते पाहावयास आम्हांला तलवाड्यास यावे लागले.

मैदानात पाऊल टाकण्यापूर्वी प्रवेशमूल्य द्यावे लागते. आम्ही खिशात हात घातला, तोच नात म्हणाली, "पैसे नाही घेत. वीस दगड वेचायचे आन् बांधावर टाकायचे." आबांच्या मैदानाचा हा पहिला नियम. आम्ही कमरेत वाकून वीस दगड वेचले. तिने ते मोजले, एक ढेकूळ होते म्हणून परत करविले, आणि एकविसावा दगड घेऊन आम्हांस आत सोडले. इतक्या वर्षांच्या या वेचणीने माळाचा पूर्वेकडील कोपरा निर्मळ झाला आहे, आणि तेथे यंदा तूर उभी होती.

पहिल्या चार गलींची नावे वकट, लेंड, मूंड आणि नाल. वाचकांपैकी ज्यांनी बालपणी विटीदांडू खेळला असेल, त्यांना हे शब्द ऐकताच हातास दांडू लागल्यासारखे वाटेल. आम्हीही हे शब्द पुण्याच्या बोळात शेकडो वेळा ओरडलो होतो. त्यांचा अर्थ काय, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. तेलुगू भाषेत ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू म्हणजे एक, दोन, तीन, चार. आम्ही हे आबांना सांगितले, आणि हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तरी हे शब्द केवळ तेवढ्यामुळे आले असे म्हणता येत नाही, कारण ते पुण्याकोकणाकडेही तसेच म्हटले जातात, असे विवेचन केले. आबांनी ते मन लावून ऐकले आणि म्हणाले, "म्हंजे आमी लहानपनापास्नं तेलगू बोलायलो म्हना की! मास्तरानं उगाच ढ ठरवला मला." चौथ्यापुढचे शब्द गावोगाव निराळे आहेत, त्यामुळे पुढील तीन गलींना आबांनी घरचीच नावे दिली होती: पाचवी बाभूळ, सहावी विहीर, आणि घरासमोरची सातवी आजी. "माझ्या नावानं खड्डा खणलाय म्हाताऱ्यानं," असे आजी आतून म्हणाल्या. परंतु सर्वांत सुबक सारवलेले खळे सातव्या गलीचेच होते, हेही आम्ही पाहून ठेवले.

नियम थोडे होते. विटीच्या टोकावर दांडू मारून ती उडवायची आणि हवेत असतानाच टोला द्यायचा. खळ्यात आल्यावर उडवायची नाही. दांडूने हलकेच सरकवून गलीत पाडायची. सरकविणे हाही टोलाच. "आन् गुरुजी," आबा म्हणाले, "दांडू हलला की टोला. इटी उडो, न उडो. हुकला तरी टोला. आपला आकडा आपुन सांगायचा. पोर फकस्त चिंचोके टाकती." पाहुण्यास गलीमागे तीन टोले माफ, हाही त्यांचाच नियम. साहेबलोकांतही अशी सवलत देण्याची चाल आहे आणि तिच्यामुळेच कसलेला आणि नवशिका यांना बरोबरीने खेळता येते. आम्हांला ही सवलत प्रथम अपमानास्पद वाटली. वकटच्या गलीत नऊ टोले पडल्यावर ती फार शहाणपणाची वाटू लागली.

त्या पहिल्या गलीचे वर्णन आम्ही करणार नाही. विटी तीनदा उडालीच नाही, आणि एकदा उडाली ती आमच्या नाकाच्या रोखाने. आबांनी मात्र चार टोल्यांत गल गाठली. त्यांच्या टोल्यात जोर असा दिसतच नसे. मनगट थोडे वळे, टणकन आवाज होई आणि विटी पाखरासारखी जाऊन खळ्याच्या कडेला बसे. लेंडला मात्र आमचे सात झाले, मूंडला आठ, नालला पुन्हा सात. हात हळूहळू चाळीस वर्षांपूर्वीचे काहीतरी आठवू लागले होते. वारा गार होता, उन्हाचा चटका नव्हता, शेळ्या मध्येच खळे ओलांडून जात होत्या, आणि प्रत्येक बऱ्या टोल्यास नातू "हाणला!" म्हणून ओरडत होता. आम्ही कोट काढून विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकला. चार गलींनंतर माफीचे टोले वजा जाता आम्ही आबांच्या दोनच टोले मागे होतो, आणि आपण जिंकूही शकू हा विचार आमच्या मनात शिरला. पन्नाशी उलटलेल्या मनुष्याच्या मनात हा विचार शिरला म्हणजे तो लहान मुलासारखा होतो असे म्हणतात. परंतु ते लहान मुलांवर अन्याय करणारे आहे, हे लवकरच दिसून आले.

चालताना आम्ही नातीस विचारले, "तुझे आईवडील कोठे असतात?" ती म्हणाली, "ऊसतोडीला. सांगलीकडं. आमचा एक कोयता हाय." नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे आम्हांस विद्यार्थ्याने मागून समजावून सांगितले. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची, आणि मग पहाटेपासून ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून ती टनावारी फेडायची. राहायला फडाजवळ पाचटाची कोपी. थोरली भावंडे आईबापांबरोबर गेली की शाळा सुटते, म्हणून या दोघांस आबांनी हट्टाने मागे ठेवून घेतले होते. "सहा महिने पोरं नुसती वाट बघत बसत्यात, गुरुजी," आबा म्हणाले. "बसून वाट सरत न्हाई. चालून सरती. म्हनून रोज सांजच्याला ही एक फेरी."

पाचवी गल बाभूळ. नावाप्रमाणे तिच्या वाटेवर बाभळीचे बेट आहे आणि त्यापलीकडे दगडी बांध. आमचा दुसरा टोला नेमका त्या बांधाआड गेला. आबा आणि विद्यार्थी अलीकडे थांबले; आम्ही एकटेच काट्यांतून वाट काढीत पलीकडे उतरलो. विटी दोन धोंड्यांच्या बेचक्यात पडली होती. आम्ही दांडू मारला. विटी जागची हलली नाही. पुन्हा मारला, ती थोडी उडाली, आणि आमचा टोला हवेत गेला. तिसऱ्या खेपेस ती सुटली आणि सुदैवाने थेट खळ्याकडे गेली. बांध चढून वर आलो तो नात वरच उभी होती. ती केव्हा आली हे आम्हांस कळले नाही. गल पुरी झाल्यावर तिने डबा पुढे करून विचारले, "किती, गुरुजी?"

खरा आकडा नऊ होता. आम्ही म्हणालो, "सात."

हे आम्ही का म्हणालो, याचे उत्तर आम्हांला अजून नीट देता येत नाही. त्या क्षणी मनात एक लांबलचक युक्तिवाद तयार होता: विटी मुळी उडालीच नाही तर तो टोला कसला, धोंड्यांच्या बेचक्यात पडलेल्या विटीस काही सवलत असावयास हवी, शिवाय आपण पाहुणे. आम्ही तीस वर्षे परीक्षागृहांतून पर्यवेक्षक म्हणून फिरलो आहोत. बाहीत लपविलेली कागदाची घडी आम्ही दहा हातांवरून ओळखतो, आणि पकडला गेलेला मुलगा प्रथम युक्तिवाद करतो हेही आम्हांला ठाऊक आहे. त्या मुलांस आम्ही जे ऐकविले, ते आमच्या कानात आता घुमू लागले. परंतु शब्द तोंडातून गेला होता. नातीने आमच्याकडे एकवार पाहिले, आणि एकेक करून सात चिंचोके डाव्या डब्यात टाकले. प्रत्येकाचा टण् टण् आवाज झाला. आबांचे पाच पडले. आम्ही एकाच टोल्याने मागे राहिलो.

सहाव्या गलीस आम्ही सहा टोल्यांत पोहोचलो. विद्यार्थ्याने टाळ्या पिटल्या. बरोबरी झाली. एरवी या टोल्यांचे आम्ही घरी जाऊन महिनाभर वर्णन केले असते. परंतु कोणी वाहवा केली की आम्हांला बांधाआडचे ते बेचके दिसे. सातव्या गलीवर आजी आणि आमच्या घरची मंडळी हुरड्याचे ताट घेऊन उभ्या होत्या. आमचे सात झाले. आबांची विटी गलीच्या काठावर येऊन थांबली आणि त्यांना पाचवा टोला घ्यावा लागला. नातीने दोन्ही डबे ओसरीवर पालथे केले. आबांचे एकतीस. आमचे एक्कावन्न, त्यांतून माफीचे एकवीस गेले, राहिले तीस. आम्ही एका टोल्याने जिंकलो होतो.

ओसरीच्या भिंतीवर गेरूने आखलेली चौकट आहे. आबांना हरविणाऱ्याचे नाव तीत कोळशाने लिहितात. पन्नास वर्षांत तेथे पाच-सहाच नावे होती. "लिही गं पोरी, गुरुजींचं नाव लिही," आबा उत्साहाने म्हणाले. त्यांना हरल्याचे यत्किंचितही वाईट वाटलेले दिसत नव्हते. नातीने उजव्या हातात कोळसा घेतला, आणि ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिने लिहिले नाही. मागे वळूनही पाहिले नाही. ती नुसती थांबली.

"थांब, बाळ," आम्ही म्हणालो. आमचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला नाही. "बाभळीच्या गलीत आमचे दोन टोले सांगायचे राहिले. नऊ झाले होते."

ती वळली. तिने डाव्या हाताची मूठ उघडली. तीत दोन चिंचोके होते. पाचव्या गलीपासून ते तिच्या मुठीतच असले पाहिजेत. घामाने ते काळे चकचकीत झाले होते. एक शब्द न बोलता तिने ते आमच्या ढिगात टाकले, आणि मग सरळ आवाजात हिशेब सांगितला, "त्रेपन्न. एकवीस गेले, बत्तीस. आबा एकतीस. आबा जिंकले." आणि कोळसा जागेवर ठेवून ती हात धुण्यास गेली.

कोणीच काही बोलले नाही. आमच्या घरच्या मंडळींनी हुरड्याचे ताट आमच्यापुढे सरकविले. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी इतक्या वेळेवर ताट क्वचितच पुढे केले असेल. शेवटी आबाच म्हणाले, "गुरुजी, वाईट वाटून घेऊ नगा. त्या बाभळीच्या बांधाआड म्याबी एकदोनदा इसरलोय. तेव्हा तिचा बाप एवढासा होता, त्यो चिंचोके धरायचा." थोडे थांबून ते पुढे बोलले, "पोरगा आन् सून दिसभर मोळ्या बांधत्यात. गाडी काट्यावर चढली की किती भरलं ते काटाच जाणं. तिथं आपलं कोन ऐकतंय? हितं मातर आकडा आपल्या तोंडात असतोय. म्हनून म्या पोरांना दुसरं काय शिकवलं न्हाई."

आम्ही तीस वर्षे इंग्रजी वाङ्मयातील थोर निबंध शिकविले. सचोटी या विषयावर आमचे स्वतःचे एक व्याख्यान आहे, आणि ते बरे वठते असे लोक म्हणतात. त्या व्याख्यानात या सत्तरीच्या शेतकऱ्याच्या दोन वाक्यांइतके वजन कोठे आहे, ते आम्ही शोधून पाहिले. ओसरीवर बसून ही झडती घेत असता एक गोष्ट ध्यानात आली. मुलीने आम्हांस पकडले नव्हते. पकडणे हे आमच्या पेशाचे काम. पकडले की कागद जप्त होतो, नाव लिहून घेतले जाते, आणि मुलगा निर्ढावतो किंवा रडतो. तिने फक्त आमचे दोन चिंचोके जपून ठेवले होते, आम्ही कधी मागितलेच तर असावेत म्हणून.

दिवेलागणीस विद्यार्थी गाडीची सोय पाहण्यास गेला. आम्ही अंगणात बसलो होतो. आबांचा फोन वाजला आणि दोन्ही पोरे धावत आली. ही रोजची वेळ असावी. पलीकडे त्यांची आई होती. नातवाने कोणती शेळी व्याली ते सांगितले. मग नातीने फोन घेतला. आजची फेरी कशी झाली, हे ती आईस सांगत होती. पुण्याकडचे एक गुरुजी आले होते, त्यांनी चांगले टोले हाणले, आणि ते एका टोल्याने हरले. आम्ही कान टवकारून ऐकत होतो. बांधाआडची गोष्ट तिने सांगितली नाही.

मग तिने विचारले, "तुमचं आज किती टन भरलं, आई?" पलीकडून काहीतरी आकडा आला. तो आम्हांला ऐकू आला नाही. नातीने तो पुन्हा एकदा विचारून घेतला, तोंडाने म्हणून पाहिला, आणि ओटीतला एक चिंचोका काढून कोनाड्यातल्या निराळ्या डब्यात टाकला. तो डबा बराच भरत आला होता.

निघताना आम्ही बांधावर आणखी वीस दगड टाकले. त्या वेळी ते मोजावयास कोणी नव्हते, आम्हीच मोजले.